हेल्मीचा आवाज ओठांच्या आधी

तळघरातल्या खुर्च्या पावणेचारलाच संपल्या. कोस्की लेकच्या आमच्या चर्चचं तळघर एरवी भरतं ते दोनच प्रसंगी, मयतीनंतरच्या कॉफीला आणि वसंतातल्या मासे-जेवणाला. त्या रविवारी यातलं काहीच नव्हतं. तरी माणसं भिंतीला टेकून उभी होती, जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली होती. गेल्या दहा वर्षांत ज्यांनी एकमेकांशी बर्फपाण्यापलीकडे शब्द काढला नव्हता, ती एकमेकांचे हात धरून बसली होती. समोर पांढरा पडदा, आणि टेबलावर रेइनो लाहतीचा कोपरा उडालेला काळा लॅपटॉप.

पडद्यावर हेल्मी होती. रेइनोची बायको. तिला जाऊन शुक्रवारी वर्ष झालं होतं. कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी ती पुल्लाच्या कणकेची वेणी घालत होती. वेलदोड्याच्या त्या गोड पावाचा वास नुसत्या चित्रानेच आला, असं नंतर चौघीजणी शपथेवर सांगत होत्या.

"थांब! जाऊ नकोस!" हेल्मीचा आवाज आला.

तिचे ओठ मिटलेले होते. आणि मग, आवाज विरल्यावर, ओठ हलले. थांब. जाऊ नकोस.

"पाहिलंत?" ब्रदर गार्लंडने फटकन कळ दाबून चित्र थांबवलं. हे फिरते धर्मोपदेशक दक्षिणेकडून आठवड्यापूर्वी एक चंदेरी ट्रेलर ओढत गावात आले होते. पांढरा कोट, तुकतुकीत दात, आणि आवाज असा की सिरपचा डबा कलंडलाय आणि कोणी उचलत नाहीये. "आपलं जिवंत माणसांचं कसं असतं, मंडळी? आधी ओठ, मग आवाज! का? कारण देह पुढे नि आत्मा मागे! पण जी देह सोडून गेली तिचं? आत्मा पुढे! आवाज स्वर्गातून सुटतो, आणि ओठ बिचारे पृथ्वीवरून धापा टाकत त्याला गाठतात!"

आधी ओठ नि मग आवाज हे फक्त तलावाच्या पलीकडच्या काठावरून हाक मारणाऱ्या माणसाचं होतं. समोर बसलेल्याचं दोन्ही एकदमच असतं. पण हे कोणी बोललं नाही. आमच्याकडे पाहुण्याला चारचौघांत खोडून काढत नाहीत. त्याला आणखी कॉफी देतात.

"रेइनो, भावा," ब्रदर गार्लंडचा हात रेइनोच्या खांद्यावर गेला. "ती काय म्हणाली तुला?"

"थांब म्हणाली."

"आणि?"

"जाऊ नकोस म्हणाली."

"आणि तू जाणार कुठे होतास?"

रेइनो चौऱ्याहत्तर वर्षांचा. खाणीतल्या अजस्र ट्रकांची इंजिनं उघडण्यात जन्म गेला. त्याने हातातल्या टोपीकडे बघितलं. "डुलूथला. गुरुवारी. हृदयाच्या ऑपरेशनला."

तळघरातून एक लांब "अरे देवा" निघाला. मार्लीसने तोंडाला एप्रन लावला. ही आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराची कारभारीण, मरणाला आणि बारशाला एकाच आकाराचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस-बटाट्याचं भलंमोठं भांडं, करणारी.

"गुरुवारी," ब्रदर गार्लंड म्हणाला, "रेइनो डुलूथच्या सुऱ्यांखाली नसेल. तो बेमिजीच्या मोठ्या तंबूत माझ्या शेजारी उभा असेल. हा लॅपटॉप घेऊन! दोन हजार माणसांसमोर! जिवंत साक्षीदार!"

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. तीन नळ्या तुंबल्यात. आज आहात, उद्याचं सांगता येत नाही. त्या साक्षीदाराचं जिवंत असणं किती दिवसांचं, एवढाच प्रश्न होता.

मी मागच्या दाराशी ओटोला खांद्यावर थोपटत उभी होते. सात महिन्यांचा माझा मुलगा, पहिला दात येत होता, आणि चार रात्री आम्ही दोघं मिळून दोन तास झोपलो असू. तरी हात वर केला. तो लॅपटॉप माझ्याच हातून गेलेला होता. गावाच्या वाचनालयात मी अर्धवेळ काम करते. शाळांनी टाकून दिलेले लॅपटॉप आम्ही पुसतो, त्यांवर लिनक्स ही फुकटची प्रणाली चढवतो आणि म्हाताऱ्यांना देतो. त्यात व्हिडिओ दाखवणारा एक साधा प्रोग्रॅम असतो, ज्याला बटणं म्हणून नाहीतच, सगळं कळांवर चालतं. आवाज नि चित्राची फारकत झाल्याच्या तक्रारी मी शंभर ऐकल्यात. त्यात स्वर्गातून आलेली एकही नव्हती.

"दुसरा एखादा व्हिडिओ लावता का?" मी विचारलं. मशीन थकलं असेल तर सगळ्यांतच गोंधळ होईल, असा माझा हिशेब.

ब्रदर गार्लंड खुलला. इतका, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याने त्याच लॅपटॉपवर गेल्या वर्षीच्या मासे-जेवणाचा व्हिडिओ लावला. टॉइवो निएमी माशाचं वजन सांगत होता, दर वर्षीप्रमाणे वाढवून. ओठ नि आवाज नवरा-बायकोसारखे शेजारी शेजारी.

"मग फाइलच बिघडली असेल. मला तिची प्रत द्या, मी दुसऱ्या मशीनवर…"

"बाई," तो हसला, "आत्म्याची प्रत निघत नसते."

सगळे हसले. ओटो रडायला लागला. मी बाहेर आले.

सोमवारी मार्लीसचा फोन. "आनिका, रेइनो हॉस्पिटलला नाही म्हणून कळवणार आहे. बुधवारी दुपारी चारपर्यंत कळवायचंय म्हणे."

"तू काही बोलली नाहीस त्याला?"

"मी काय बोलू? हेल्मी माझी मैत्रीण होती." फोनमध्ये भांडी वाजली. "मीच म्हटलं त्याला, हेल्मीचं ऐक."

फोन ठेवला आणि मी धुतलेल्या झबल्यांच्या ढिगाशेजारी बसून राहिले. भांडायची ताकद नव्हती. खरं सांगायचं तर माझ्या मनातही एक कोपरा म्हणत होता, जाऊ दे. एका म्हाताऱ्याला बायकोचा आवाज ऐकू येतोय, तुझं काय जातंय? पण त्याचं जाणार होतं.

मंगळवारी सकाळी ओटोला कडेवर घेऊन मी रेइनोकडे गेले. त्याने कॉफी ओतली, आणि न विचारता ओटोच्या हातात लाकडी चमचा दिला. ओटोने तो हिरडीखाली धरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा गप्प झाला.

"तू मला समजवायला आलीस," रेइनो म्हणाला.

"नाही. बघायला आले. तुम्ही घरी कसा बघता तो व्हिडिओ?"

"कसा म्हणजे? बसतो नि बघतो." मग त्याने मान हलवली. "पण तुला सांगतो, पोरी, घरी ती असं करत नाही."

"कसं?"

"आवाज आधी नि ओठ मागून, असं. घरी नीट बोलते, जिवंत असताना बोलायची तशी. ब्रदरला विचारलं मी. तो म्हणाला, घरी ती फक्त तुझी असते, तिथे ती सगळ्यांची होते."

बोलण्यात त्या माणसाला तोड नव्हती. जिथे भोक पडेल तिथे त्याच्याकडे ठिगळ तयार.

"लावा बघू."

रेइनोने खिशातून श्रवणयंत्रं काढून कानांत बसवली. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात काडेपेटीएवढी एक डबी खोचलेली होती. ती आवाज बिनतारी पाठवते, थेट कानात. खाणीतल्या इंजिनांनी त्याचे कान कधीच खाल्ले होते. त्याने व्हिडिओ लावला. मला काहीच ऐकू येईना. हेल्मीचे ओठ हलत होते, आणि रेइनो त्यांच्या तालावर मान डोलवत होता.

"आत्ता जुळतंय?"

"अगदी."

"मी डबी काढू? मलाही ऐकायचंय."

"काढ."

मी डबी उपसली. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमधून आवाज फुटला, "थांब! जाऊ नकोस!" आणि मग ओठ हलले.

रेइनोचा कप बशीवर वाजला.

मी एक कळ दाबली. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माहितीच्या ओळी उमटल्या. त्यांतली एक: आवाज, उणे पाचशे. म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी पाचशे. कोणीतरी या मशीनला सांगून ठेवलं होतं, की हा व्हिडिओ लावशील तेव्हा आवाज अर्धा सेकंद आधी सोड.

"हे कोणी केलं, रेइनो?"

"आवाज पुढे? मीच." त्याने फ्रिजकडे बोट दाखवलं. "तूच तर लिहून दिलंस."

फ्रिजवर, ट्राउट माशाच्या चुंबकाखाली, माझं अक्षर. वाचनालयात लॅपटॉप नेणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी तो कागद मोठ्या अक्षरांत लिहून देते. आवाज मागे राहिला तर ही कळ. पुढे गेला तर ती कळ. बंद करताना मोठा क्यू दाबा, म्हणजे हा व्हिडिओ पुढच्या वेळी सगळं लक्षात ठेवेल. डझनभर तरी कागद वाटले असतील. त्यातला एक इथे आहे हे मी साफ विसरले होते.

"ती डबी आवाज उशिरा पोचवायची," रेइनो सांगत होता. "हेल्मी आधी तोंड हलवायची नि मग बोलायची. मला बघवेना. तीन संध्याकाळ बसलो. चारदा दाबलं तर कमी पडायचं. सहादा दाबलं तर जास्त. पाचला ती बरोबर बोलली. त्या दिवशी मी रडलो."

ओटोच्या टाळूवर हनुवटी टेकवून मी बसून राहिले. डबी आवाज अर्धा सेकंद उशिरा आणायची, म्हणून या माणसाने आवाज अर्धा सेकंद आधी पाठवला, आणि त्याच्या कानात दोन्ही जुळले. शुक्रवारी हेल्मीच्या स्मरणाच्या कॉफीला त्याने लॅपटॉप तळघरात नेला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून डबी काढून मोठ्या स्पीकरची तार खोचली. उशीर डबीबरोबर गेला. घाई तेवढी उरली.

"म्हणजे ती मला बोलवत नव्हती," रेइनो म्हणाला.

"ती काय करत होती ते मला कुठून ठाऊक? मी एवढंच सांगते, आवाज पुढे तुम्ही केलाय."

त्याने बशीत सांडलेली कॉफी पुसली आणि म्हणाला, "हे उद्या चर्चच्या तळघरात दाखव. सगळ्यांसमोर. मला एकट्याला कळून काय उपयोग? मार्लीस रोज हॉटडिश घेऊन येते आणि दारात उभी राहून रडते."

बुधवारची कॉफी दोनला असते. तळघर पुन्हा भरलेलं. ब्रदर गार्लंडने रेइनोला पहिल्या रांगेत बसवलं होतं, बेमिजीला निघायची पिशवी पायाशी. माझ्या हातात हेल्मीच्या व्हिडिओची प्रत होती. रेइनोनेच करून दिलेली.

चर्चच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे, त्यावरही लिनक्स, तोही माझ्याच कृपेने. मी प्रत त्याला लावली. हेल्मी पडद्यावर आली आणि बोलली. ओठ नि आवाज एकत्र.

"बघा!" ब्रदर गार्लंड जागेवरून उठला. "काय म्हणालो होतो? प्रत मेलेली असते! आत्मा त्याच यंत्रात राहतो, ज्याला तिच्या नवऱ्याचे हात लागले!"

"असेल," मी म्हटलं. माझा आवाज दमलेलाच होता. ओटो कडेवर माझी साखळी चावत होता. "पण तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं, नाही का?"

"म्हणजे?"

"हा संगणक शेवटचे उघडलेले व्हिडिओ लक्षात ठेवतो." मी यादी पडद्यावर आणली. सगळ्यात वर आत्ताचा. त्याखाली तोच, हेल्मीचाच, गेल्या शनिवारी सकाळी दहा वाजता. एकदा नाही, चार वेळा. "रविवारी तुम्ही मला सांगितलंत, प्रत निघत नाही. त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी इथे बसून चारदा प्रत लावून पाहिली. प्रतीत चमत्कार होत नाही हे त्या माणसाला कळलं, म्हणून रविवारी मला ती मिळाली नाही."

"कोणीही लावलं असेल!"

"ब्रदर," मार्लीस कॉफीच्या किटलीपाशी उभी होती. ती मोठ्याने कधीच बोलत नाही. आत्ताही बोलली नाही. "शनिवारची किल्ली मी तुम्हालाच दिली होती."

"आणि पेन ड्राइव्हवर मी घालून दिलं होतं," रेइनो म्हणाला. "प्रार्थनेला हवंय म्हणाला होतास."

"प्रार्थनाच करत होतो! प्रभूची परीक्षा…"

"थांबा जरा," मी म्हटलं, "अजून एक चमत्कार बाकी आहे." मी रेइनोच्या लॅपटॉपवर मासे-जेवणाचा व्हिडिओ लावला आणि एक कळ पाच वेळा दाबली. टॉइवोचा आवाज गरजला, "एकोणीस पौंड!" ओठ मिटलेले. मग ओठ सावकाश उघडले, एकोणीस पौंड.

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, टॉइवो गेला की काय?"

"मी इथे बसलोय!" तिसऱ्या रांगेतून टॉइवो ओरडला, तोंडात पुल्ला. "आणि तो एकोणीसच पौंडाचा होता!"

"बघा, आत्मा बोलला तरी वजन खोटंच!" मागून उत्तर आलं.

तळघर फुटलं. रविवारी जी माणसं रडली होती ती आता डोळे पुसत हसत होती. त्या हशात मी सगळं सांगितलं. डबी, अर्धा सेकंद, पाच वेळा दाबलेली कळ, मोठा क्यू. आणि फ्रिजवरचा माझा कागद. ते सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं. ब्रदर गार्लंड जिन्याकडे सरकत होता. कोणी अडवलं नाही. एकाने दार उघडून धरलं आणि विचारलं, "वाटेसाठी कॉफी देऊ का?" आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

रेइनो हसत नव्हता. "तो नेहमी एकाच जागी थांबवायचा," तो म्हणाला. "पुढचं लाव ना, आनिका."

मी आवाज जागेवर आणला आणि हेल्मीला सोडलं.

"थांब! जाऊ नकोस!" ती म्हणाली, आता ओठांसकट. "शेवटची वेणी राहिलीय, तीही घे कॅमेऱ्यात. ही बघ, हीच सगळ्यात छान झालीय."

रेइनोचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. प्रत्येक शब्दाला.

"तुम्हाला पुढचं पाठ होतं," मी हळूच म्हटलं.

"शंभरदा बघितलंय. पाठ नसेल तर काय?" त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मला भीती वाटत होती, आनिका. छाती उघडतात म्हणे. मधोमध. मी ट्रकांची इंजिनं उघडलीयत, मला माहितीय उघडल्यावर काय काय होऊ शकतं. आणि कोणीतरी आलं नि म्हणालं, जायचं नाही, तुझी बायकोच सांगतेय. मग कसला विचार नि कसलं काय."

मार्लीस त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, पासष्टाव्या वर्षी, लिनोलियमच्या फरशीवर. "मीही तेच म्हणत होते रे. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू जा. मी येते बरोबर. गाडी मी चालवते."

"तू? मग ऑपरेशनपर्यंत पोचायचो तरी का?"

सव्वातीन वाजले होते. रेइनोने भिंतीवरच्या फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला आणि बहिऱ्या माणसासारखा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल असा बोलला. "लाहती. हो, तोच. नाही, रद्द नाही करायचं. मी येतोय हे सांगायला फोन केला. … उपाशी पोटी? बरं. … कॉफीसुद्धा नाही? हे आधी सांगायला हवं होतं."

ऑपरेशन झालं. साडेचार तास लागले. आता तो घरी आहे, जिना चढताना शिव्या देतो, आणि ओटोच्या दोन दातांचं श्रेय लाकडी चमच्याला देतो.

ही गोष्ट मी लिहितेय, कारण परवा पलीकडच्या गावातून एका बाईचा फोन आला. त्यांच्या हॉलमध्येही एका गेलेल्या मुलाचा आवाज ओठांआधी येतो म्हणे, आणि चंदेरी ट्रेलरवाला एक माणूस तिथे पोचलाय. तिने मला बोलावलं. मी जाईन, पण प्रत्येक हॉलमध्ये मी कुठे पुरणार? आणि त्याची गरजही नाही. मी जे केलं त्यात विद्वत्ता काडीची नव्हती. दुसऱ्या यंत्रावर असंच होतं का, हे पाहिलं. दुसऱ्या चित्राचंही असंच करता येतं का, हे पाहिलं. घरी नि हॉलमध्ये काय बदललं, हे विचारलं. आणि जो माणूस बघू देत नाही, तो काय झाकतोय, हे शोधलं. कोणालाही जमेल.

चमत्कारावर विश्वास ठेवणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्या तळघरात मूर्ख एकही नव्हता. घाबरलेले होते, एकटे होते, एका आवाजासाठी आसुसलेले होते, आणि सभ्य तर सगळेच होते. ठगाला एवढं पुरतं. म्हणून एकच मागणं आहे. दुःख करा, आठवण काढा, व्हिडिओ शंभर वेळा बघा. पण त्यावरून कोणी तुम्हाला डॉक्टरकडे जाऊ नका म्हणालं, औषध थांबवा म्हणालं, तर सभ्यपणा बाजूला ठेवा आणि सगळ्यांसमोर विचारा: हे कसं होतं, मला दाखवा. त्याने दाखवलं नाही, तर फोन उचला आणि डॉक्टरांना सांगा, मी येतोय.